तीन पुड्या आणि सातवं मंगलाष्टक

गळ्याशप्पथ सांगते, यातला शब्दन् शब्द खरा आहे. हा बघा, हात लावलाय गळ्याला. शपथ गळ्याची घेतली कारण गोष्टही गळ्याचीच आहे. ज्याला खोटं वाटेल त्याने लखनौला यावं आणि विकास नगरात सेक्टर चारमध्ये कुणालाही विचारावं. त्यांनी काही वेगळं सांगितलं तर समजावं की त्यांना आठवत नाही. इथे फार बताशे खातात लोक, त्याने होतं तसं.

मी मालिनी. माहेर मिरजेचं, वडील तंबोरे करायचे. लग्नाला अठ्ठेचाळीस वर्षं झाली, त्यातली एकतीस लखनौत. आमचे हे, म्हणजे दीनानाथ, बँकेतून मॅनेजर म्हणून रिटायर झाले. बँकेत काय बोलायचे कोण जाणे, घरी मात्र दिवसाला अकरा शब्द. त्यातले चार नुसते ‘हं’. मी बोलते म्हणून ते गप्प, की ते गप्प म्हणून मी बोलते, यावर आमच्या घरात एकमत नाही.

आता गोष्ट. आमची नात शर्वरी पाच वर्षांची होती तेव्हा मी तिला बताशे खायला घेऊन गेले होते. आपण पाणीपुरी म्हणतो ना, तिला इथे बताशे म्हणतात. एवढीशी पोर, नाकातून पाणी, डोळ्यांतून पाणी, आणि दहा खाऊन झाल्यावर भय्याला म्हणते, और भरो. घरी येईपर्यंत मी ई-रिक्षात बसल्या बसल्या तिचं मंगलाष्टक रचलं.

बत्ताशे गटके दहा, वर म्हणे, भय्या, अजूनी भरा,
ऐशी ही शरु आमुची वधु बने, कुर्यात् सदा मंगलम्.

सगळे हसले. ती मात्र हसली नाही. म्हणाली, “आजी, मेरी शादी में यही गाना. प्रॉमिस?”

मी म्हटलं, प्रॉमिस.

बावीस वर्षांनी ते अंगाशी आलं. शर्वरीचं लग्न ठरलं, मुलगा गोमती नगरातला, हर्षवर्धन, गुणी आहे. पण त्याची एक आत्या आहे, सुनीतीबाई. गाण्यातल्या विशारद. आवाज गोड, ते नाही म्हणत नाही मी, पण म्हणण्याची गती अशी की ‘स्वस्ति’ला सुरुवात केली की ‘श्री’ येईपर्यंत माणसाने भाजी निवडून घ्यावी. लग्नात आठ मंगलाष्टकं ठरली. पहिली सहा सुनीतीबाई म्हणणार, सातवं मी, आठवं गुरुजी. सातव्याचे शब्द ऐकून त्यांनी नाकाला रुमाल लावला.

“काकू, मंगलाष्टकात बताशे?”

“वधू खाते, मी काय करू?” मी म्हटलं.

लग्न रविवारी दुपारी बारा सतराच्या मुहूर्तावर. त्याच्या नऊ दिवस आधी, शुक्रवारी, मी पहाटेच गच्चीवर तालमीला गेले. डिसेंबरचं धुकं, समोरची टाकी दिसत नव्हती. मी ‘बत्ताशे’ म्हणून सूर लावला आणि खालून कचऱ्याची गाडी आली, भोंग्यावर गाणं लावून. मी थांबले नाही. गाडीही थांबली नाही. मी एक पट्टी वर गेले. गाडीवाल्याने आवाज वाढवला, मुद्दाम, मी शपथेवर सांगते. मग मी अशी काही तान मारली की तिसऱ्या घरातल्या कुकरने घाबरून शिट्टी दिली. गाडी गल्ली सोडून पळाली. आणि मी जिंकले असं खाली जाऊन सांगायला तोंड उघडलं, तर आतून नुसती हवा आली.

आवाज गेला. घोगरा नाही, बसलेला नाही, गेलेला. जसा काही कचऱ्याच्या गाडीत टाकून दिला.

घरात पाच मिनिटं इतकी शांतता झाली की माझा मुलगा राघव आतून धावत आला, काय झालं म्हणून. शर्वरीने मला फ्रिजवरचा पांढरा बोर्ड आणि मार्कर आणून दिला. तिचे डोळे भरले होते.

“आजी, सातवाँ आप ही गाओगी. वरना मैं कुछ नहीं जानती, मैं माला पकड़के खड़ी रहूँगी, डालूँगी नहीं.”

संध्याकाळी सुनीतीबाईंचा फोन आला. बातमी गोमती नगरात पोचली होती. फोन स्पीकरवर होता.

“काकूंना म्हणावं अजिबात काळजी करू नका. सातवंही मी म्हणते, माझं एक रागात बसवलेलं आहे. आणि ते बताश्यांचं काय हो, ते आपण फोटोंबरोबर व्हॉट्सॲपवर टाकू.”

मी बोर्डावर जे लिहिलं ते सुनेने लगेच पुसलं.

सून म्हणजे विभा. वनस्पतींची शास्त्रज्ञ, इथल्याच एका संशोधन संस्थेत आहे. ती म्हणाली, “आई, कानाच्या-घशाच्या डॉक्टरांना दाखवू आणि गप्प बसा.” दाखवलं. त्यांनी बॅटरी मारून बघितलं, सूज आहे म्हणाले, आठ-दहा दिवस मौन. आता मला सांगा, मौन हे काय औषध झालं? पुडी नाही, बाटली नाही. अशाने माणूस बरा होतो का?

म्हणून शनिवारी सकाळी मी यांना घेऊन वैद्य राजाराम मिश्रांकडे गेले. ते यांचे सकाळच्या फिरण्यातले मित्र. मला बोलता येत नव्हतं, त्यामुळे माझ्या वतीने हे बोलले. तिथेच घोटाळा.

“कब से है?” वैद्यजींनी विचारलं.

“शुक्रवार,” हे म्हणाले.

“हुआ कैसे?”

“गाड़ी.”

वैद्यजी दचकले. माझे हातपाय तपासायला लागले. “कौन सी गाड़ी? टक्कर आगे से लगी या पीछे से?”

“कचरेवाली,” हे म्हणाले, आणि त्यांचे दिवसाचे शब्द संपत आले म्हणून गप्प बसले.

मी शेवटी बोर्डावर गळ्याचं चित्र काढलं. मग वैद्यजींनी नाडी धरली, डोळे मिटले, म्हणाले, वात भडकला आहे. लाकडी कपाटातून एक पुडी काढली. आत तांबूस, गाठीगाठीचं मूळ. “मलयवचा. सहाणेवर उगाळून शहदात चाटायची. और सुहागा भूनकर, उसके गुनगुने पानी से कुल्ला. निगलना नहीं है.” सुहागा म्हणजे आपला टाकणखार. दही बंद, केळं बंद, भात बंद, थंड सगळं बंद. “और माताजी, मौन.”

हेही तेच. मला जरा शंका आली. म्हणून दुपारी मी शर्वरीला बरोबर घेऊन चौकात, म्हणजे इथल्या जुन्या शहरात, हकीम शम्सुल हसनसाहेबांकडे गेले. ते तिच्या मैत्रिणीचे आजोबा. वैद्यजींचं त्यांना सांगितलं नाही. एका देवाला नवस बोलला म्हणून दुसऱ्याच्या देवळावरून मान खाली घालून जायचं, असं कुठे लिहिलंय?

हकीमसाहेबांनी तीन बोटं मनगटावर ठेवली आणि इतका वेळ ठेवली की मला वाटलं डुलकी लागली. मग म्हणाले, “मोहतरमा का मिज़ाज गर्म है.”

“वो तो पूरे सेक्टर को पता है, दादाजी,” शर्वरी म्हणाली.

“मगर गले में सर्दी बैठी है. आग के घर में बर्फ़.” त्यांनीही एक पुडी दिली. खूलंजान. पातळ काप करून गालात धरायचा, रस गिळायचा. गुळण्या फिटकरीच्या, म्हणजे तुरटीच्या. आंबट बंद, तळलेलं बंद, डाळ बंद. “और ख़ामोशी. बड़ी तकलीफ़देह दवा है, मगर है दवा.”

परत आले तर खालच्या मजल्यावरच्या अलमेलू मामी जिन्यात उभ्या. त्यांचे वडील तंजावरकडचे सिद्ध वैद्य, आणि मामींचं म्हणणं असं की लखनौत त्यांच्याशिवाय कुणालाच औषध कळत नाही. “मालिनी, वैद्यजी के पास गया, हकीम के पास गया, मेरे पास नहीं आया?” म्हणाल्या आणि रुसल्या. आता शेजारधर्म आहे. मी हात जोडले. त्यांनी कुंभकोणमहून आलेला डबा उघडला. चित्तरत्तै. ठेचून दुधात उकळायचं, वरून मिरी. गुळण्या इंदुप्पूच्या, म्हणजे सैंधवाच्या. वांगं बंद, लाल भोपळा बंद, चिंच बंद, बटाटा बंद. आणि, तुम्हाला कळलंच असेल, तोंड बंद.

तीन औषधं, तीन गुळण्या. सकाळी सुहागा, दुपारी तुरटी, संध्याकाळी सैंधव. न्हाणीघरातून माझा आवाज म्हणून तेवढाच यायचा, गुळगुळगुळ. आणि तिघांची पथ्यं एकत्र केली तर खायला उरली लौकी. आपला दुधी. चौथ्या दिवशी माझ्या ताटात लौकीची भाजी, लौकीचं सूप आणि लौकीकडे बघून काढलेले सुस्कारे, एवढंच होतं.

पण गुण दिसायला लागला. आवाजात नाही, अंगात. पोटात अशी ऊब पेटली की काय सांगू. गच्चीवर जाऊन बसले की माझ्याभोवती धुकं वितळून गोल मोकळी जागा व्हायची. शेजारच्या बायकांना ते कळल्यावर त्यांनी पापड आणून माझ्या दोन्ही बाजूंना मांडले. तासाभरात कडकडीत. मी श्वास सोडला की उडदाचे वाळायचे, लांब सोडला की साबुदाण्याचे. यातलं एक अक्षर खोटं नाही.

आणि आणखी एक झालं. आमचे हे बोलायला लागले.

रविवारी संध्याकाळी चहा घेऊन आले. करायला कधी शिकले देव जाणे. माझ्या शेजारी बसले आणि म्हणाले, “मलिहाबादच्या ब्रँचला होतो ना मी, तेव्हा एकदा लॉकर रूममध्ये म्हैस शिरली.”

मी बोर्डावर लिहिलं, कशी?

“तेच तर. जिना अकरा पायऱ्यांचा, दार दीड हात. आंब्याच्या दिवसांत बाग राखणारा एक होता, त्याची म्हैस. चौकीदार जेवायला गेलेला. मी वळून बघतो तर ती आत, आणि मागे दार बंद. आपोआप लॉक होणारं. किल्ली एक माझ्याकडे, दुसरी हेड कॅशियरकडे, आणि तो गेलेला बाराबंकीला, साडूच्या घरी.” हे इथे थांबले, चहाचा कप उचलला. “उरलेलं उद्या.”

अठ्ठेचाळीस वर्षांत या माणसाने मला म्हशीचं कधी सांगितलं नव्हतं. सोमवारी साडू आला गोष्टीत, मंगळवारी म्हैस लॉकर नंबर सतरा चाटायला लागली.

मंगळवारीच संध्याकाळी विभा संस्थेतून आली आणि डायनिंग टेबलावर तीन पुड्या उघड्या दिसल्या. तिने एक मूळ उचललं, हुंगलं. दुसरं उचललं, हुंगलं. तिसऱ्याला नखाने खरवडलं. मग माझ्याकडे बघितलं, आणि त्या नजरेने मी बसल्या जागी सरळ झाले.

“आई, ही तिन्ही कुणी दिली?”

मी बोर्डावर तीन नावं लिहिली.

“आणि तुम्ही तिन्ही घेताय? पूर्ण मात्रेत?”

मी मान हलवली. अभिमानाने.

तिने पिशवीतून भिंग काढलं. माझी सून भिंग घेऊन फिरते, लोक लिपस्टिक घेऊन फिरतात तसं. एकेका तुकड्यावरच्या कड्या बघितल्या, तुकडे मोडून आतला रंग बघितला. “वैद्यजींचं आणि हकीमसाहेबांचं एकच आहे. मामींचं त्याच्याच सख्ख्या धाकट्या बहिणीचं. नावं तीन, घराणं एक. गुळण्या तेवढ्या वेगळ्या. आई, तुम्ही चार दिवस एकच मूळ तिप्पट खाताय. पोटात आग पडेल नाहीतर काय होईल?”

राघव म्हणाला, “मग पापडांचं ते खरं होतं?”

“आपल्याकडे याला कोष्टकोळिंजन म्हणतात,” विभा म्हणाली.

ते नाव ऐकलं आणि मी उठले. तडक आत गेले, ट्रंक उघडली. माझ्या शालूच्या घडीत वडिलांनी लग्नात दिलेली एक कापडी पुरचुंडी आहे. मिरजेला गाणारी माणसं तंबोरा घ्यायला यायची, तेव्हा वडील त्यांच्या हातावर हे मूळ ठेवायचे, गळ्यासाठी. मला निघताना तेच दिलं असणार. आणि मी बावळट, वेखंड समजून अठ्ठेचाळीस वर्षं शालूला कसर लागू नये म्हणून ठेवलं. विभाने पुरचुंडी सोडली, भिंग लावलं आणि खुर्चीत बसून हसत सुटली.

“चौथं,” म्हणाली.

शालूला कसर लागली नाही, हेही सांगून ठेवते. आवाज मात्र चांगला राहिला असणार शालूचा.

विभाने सगळ्या पुड्या उचलल्या, कपाटात कोंडल्या आणि हुकूम सोडला की आता फक्त कोमट पाणी, मऊ भात आणि मौन. तिघांनाही हे कळवायचं नाही असं मी लिहून दिलं. म्हाताऱ्या माणसांची मनं कशाला मोडायची.

बुधवार गेला, गुरुवार गेला. सुनीतीबाईंनी सातव्या मंगलाष्टकाचा ऑडिओ पाठवला. पावणेसहा मिनिटांचा. शर्वरीने तो ऐकला आणि जेवली नाही. शुक्रवारी मेंदीवाली आली तेव्हा तळहात पुढे करून माझ्याकडे बघत बसली. शनिवारी मला मिठी मारून म्हणाली, “कोई बात नहीं आजी. आप बस सामने खड़ी रहना. मैं मन में सुन लूँगी.” मी बोर्डावर ‘प्रॉमिस’ लिहिलं आणि तिने बघायच्या आत पुसलं.

रविवार. गोमती नगरातला हॉल. तिथला मॅनेजर सकाळपासून गोंधळलेला, कारण त्याच्या जन्मात त्याने दुपारचं लग्न पाहिलं नव्हतं. “बारात रात को आएगी ना?” असं तो दर दहा मिनिटांनी विचारत होता. पाहुण्यांत पहिल्या रांगेत वैद्यजी, हकीमसाहेब आणि मामी शेजारी शेजारी. तिघांच्याही नजरा माझ्या गळ्यावर, शेतकरी ढगाकडे बघतो तशा.

अंतरपाट धरला. एका बाजूला हर्षवर्धन, दुसऱ्या बाजूला आमची शरू, हातात माळ. सुनीतीबाईंनी सुरुवात केली. पहिलं झालं, अक्षता पडल्या. दुसरं. चौथ्याला मॅनेजरने एक खुर्ची घेतली. सहावं संपलं तेव्हा बारा वाजून तेरा मिनिटं झाली होती आणि गुरुजी घड्याळाकडे असे बघत होते जसा काही साप बघतायत.

सुनीतीबाईंनी सातव्यासाठी श्वास घेतला. तो श्वासही विलंबित लयीतला. तेवढ्यात अंतरपाटामागून बारीक आवाज आला.

“आजी?”

मी तोंड उघडलं.

आणि आला. आवाज आला. बारा वाजून चौदा मिनिटांनी, नऊ दिवसांनी. ‘बत्ताशे’ म्हटलं आणि झुंबराचे लोलक वाजले. ‘भय्या’ला अंतरपाट धरणाऱ्यांच्या हातातून सुटला आणि जाऊन सुनीतीबाईंच्या खांद्यावर शालीसारखा पडला. ‘अजूनी भरा’ला स्वयंपाकघरातल्या चाटवाल्याने खरंच दहा भरून ठेवले. ‘मंगलम्’ मी जरा लांबवला, तर त्या दिवशी चारबाग स्टेशनातून एक गाडी अगदी वेळेवर सुटली. ड्रायव्हरला वाटलं, गार्डनेच शिट्टी मारली.

शर्वरी रडत होती आणि हसत होती, गुरुजींनी आठवं एका दमात उरकलं, आणि बारा सतराला तिने माळ घातली.

जेवताना पहिली रांग माझ्याभोवती जमली. “मलयवचा,” वैद्यजी म्हणाले. मामी म्हणाल्या, “चित्तरत्तै. कुंभकोणम का है, इसलिए.” हकीमसाहेब फार अदबीचे. ते म्हणाले, “सेहरा तो वैद्यजी के ही सर है. बस, जड़ हमारी थी.” विभा माझ्या शेजारीच उभी होती, तोंडात जिलबी कोंबून. तिने ती पाच मिनिटं गिळलीच नाही.

सुनीतीबाईही आल्या. अंतरपाटाची घडी करून हातात दिली आणि हळूच म्हणाल्या, “काकू, ते बताश्यांचं मला लिहून द्याल?” दिलं.

तर अशी गोष्ट. सगळी खरी. पापड, झुंबर, गाडी, सगळं.

फक्त एक बारीकसं. गळ्याला हात लावून बसलेय म्हणून सांगून टाकते. आवाज रविवारी बारा चौदाला नाही आला. तो बुधवारी सकाळीच आला होता. स्वयंपाकघरात एकटी होते, चहा तोंडाला लावला आणि सहज म्हणाले, ‘साखर घालायला विसरले हे.’ स्वच्छ, खणखणीत. माझा मलाच ऐकू आला. शरूला हाक मारायला वळले, तर दारात हे उभे. त्यांना ऐकू आलं नव्हतं. म्हणाले, “अगं, बस ना. काल कुठे होतो आपण? हां, म्हैस सतरा नंबर चाटत होती, आणि वरून खुद्द लॉकरवाल्या बाई आल्या.”

मग मी बसले. पोर चार दिवस रडली, ते मला दिसत होतं, आणि त्याचं मला वाईट वाटतं. पण अठ्ठेचाळीस वर्षं ज्याच्या शेजारी झोपले तो माणूस माझ्याहून पट्टीचा थापाड्या निघाला, तेही मला आत्ता कळत होतं. कसं उठणार मधूनच?

शनिवारपर्यंत म्हैस लॉकर रूममध्येच होती. रविवारी मी गायले, आणि सोमवारपासून हे पुन्हा अकरा शब्दांवर. किती विचारलं, म्हैस बाहेर कशी आली हो? म्हणतात, “हं.”

परवापासून माझा घसा जरा खवखवतोय. विभाला सांगू नका.